मुक्त पतनाचा संच : टायमर चोख, चुंबक चिवट

छर्रा खाली पडायला किती वेळ लागतो त्यावरून गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, म्हणजे 'जी', काढायचा हा अकरावीच्या प्रयोगशाळेतला नेहमीचा संच. लोखंडी तिपाई, तिच्यावर सव्वा मीटरचा उभा दांडा, वरच्या टोकाला १२ व्होल्टचा विद्युतचुंबक, खाली आपटताच उघडणारी पत्र्याची झडप, १९ मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा आणि मिलिसेकंद मोजणारा टायमर. बटण दाबलं की चुंबकाचा प्रवाह तुटतो आणि टायमर धावायला लागतो. छर्रा झडपेवर पडला की टायमर थांबतो. सोलापुरात प्रयोगशाळेच्या सामानाची ऑर्डर दिली की हाच संच येतो, नाहीतर याचा जुळा भाऊ, फक्त स्टिकर वेगळं. म्हणून कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही. पाचपैकी साडेतीन गुण. संच घ्यायला हरकत नाही, पण सोबतच्या माहितीपत्रकात सांगितलंय तसा वापरला तर उत्तर हमखास चुकतं.

माहितीपत्रक सांगतं : छर्रा १ मीटरवरून सोडा, वेळ घ्या, जी = २ × उंची ÷ वेळेचा वर्ग या सूत्रात घाला. तसंच चार वेगवेगळ्या उंचींवरून केल्यावर येणारे आकडे असे. २५ सेंटिमीटरला ०.२३६ सेकंद, ५० ला ०.३३०, ७५ ला ०.४०२, १०० ला ०.४६२. सूत्रात घातलं की जी अनुक्रमे ८.९८, ९.१८, ९.२८ आणि ९.३७ मीटर प्रतिसेकंद वर्ग. म्हणजे उंची वाढेल तसं गुरुत्वाकर्षण वाढतंय! मुलं इथे 'हवेचा विरोध' असं लिहून मोकळी होतात. पण हवेचा विरोध असता तर उलटं झालं असतं. जास्त उंचीवरून पडताना वेग जास्त, विरोध जास्त, म्हणून जी कमी दिसलं असतं. शिवाय हा छर्रा साधारण २८ ग्रॅमचा. १ मीटर पडून तो ४.४ मीटर प्रतिसेकंदाला पोचतो, तेव्हासुद्धा हवेचा रेटा त्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, आणि एकूण उत्तरावर त्याचा परिणाम ०.१ टक्क्याहूनही कमी. हवेला उगाच बोल लावू नये.

खरा गुन्हेगार चुंबक. प्रवाह तुटला तरी लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व तत्क्षणी जात नाही. छर्रा आणखी १० मिलिसेकंद वर चिकटून राहतो आणि टायमर मात्र पळत असतो. हे १० मिलिसेकंद प्रत्येक उंचीला सारखेच मिसळतात. २५ सेंटिमीटरच्या खऱ्या २२६ मिलिसेकंदांमध्ये ते फार जाणवतात, मीटरभराच्या ४५२ मध्ये कमी. वेळेचा वर्ग होत असल्याने चूक दुप्पट होऊन उत्तरात उतरते.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. पहिला हाताचा. चुंबकाच्या तोंडावर साध्या कागदाचा कपटा चिकटवा. छर्रा आणि गाभा यांच्यात तेवढी फट राहिली की उरलेल्या चुंबकत्वाची पकड एकदम ढिली पडते. मग प्रवाहाची खुंटी छर्रा पडेपर्यंत कमी करा आणि तिथून जेमतेम धरून राहील इतकी वाढवा. पूर्ण १२ व्होल्ट देऊन छर्रा घट्ट धरणं म्हणजे चूक वाढवणं.

दुसरा उपाय कागदावरचा, आणि या संचाची खरी किंमत तिथेच वसूल होते. आडव्या अक्षावर उंचीचं वर्गमूळ, उभ्या अक्षावर वेळ. वरच्या चार वाचनांसाठी वर्गमुळं ०.५००, ०.७०७, ०.८६६ आणि १.०००. बिंदू सरळ रेषेत येतात, पण रेषा शून्यातून जात नाही; उभ्या अक्षाला ०.०१० वर कापते. तोच चुंबकाचा उशीर, आयता मोजून मिळाला. चढ येतो ०.४५२. जी = २ ÷ चढाचा वर्ग, म्हणजे ९.७९. वाचनं तीच, नुसती मांडणी बदलली. माहितीपत्रकात या आलेखाबद्दल एक ओळ नाही, ही मोठी तक्रार.

दुसरी तक्रार पट्टीबद्दल. दांड्यावरची मोजपट्टी चुंबकाच्या तोंडापासून शून्य धरते. छर्रा मात्र पडतो तो त्याच्या खालच्या टोकापासून झडपेपर्यंत. उंची छर्‍याच्या तळापासूनच मोजायची, नाहीतर १९ मिलिमीटर फुकटचे जमा होतात. आता गंमत बघा. उशिरामुळे जी कमी येतं, या चुकीमुळे जास्त येतं. २५ सेंटिमीटर खरं अंतर असताना पट्टीवर २६.९ वाचलं आणि वेळ ०.२३६ घेतली, तर उत्तर ९.६६. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात आणि जर्नलमध्ये 'निष्कर्ष समाधानकारक' पडतो. झडपेचंही पाहून घ्या. झडप थोडी खाली गेल्यावरच संपर्क तुटत असेल तर मोजमाप त्या बिंदूपर्यंत हवं.

आता आकड्याचं. परीक्षेत ९.८ चालतं, पुस्तकात ९.८१ असतं, आणि १९०१ मध्ये ठरलेलं प्रमाण मूल्य ९.८०६६५. ते साधारण ४५ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीला लागू. विषुववृत्तावर जी ९.७८०, ध्रुवावर ९.८३२. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर आणि समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच. अक्षांशाच्या सूत्राने ९.७८५ येतं, उंचीमुळे त्यातून ०.००१४ जातात, म्हणजे इथलं जी ९.७८४ च्या जवळपास. संचातून ९.७८ आलं म्हणून खोडून ९.८१ लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण इथेही उड्या मारायचं कारण नाही. ९.७८ आणि ९.८१ यांतला फरक ०.३ टक्के. टायमर एक मिलिसेकंद इकडेतिकडे झाला तर १ मीटरवर उत्तर ०.४ टक्क्याने हलतं. तेव्हा हा संच सोलापूर आणि लंडन यांच्यातला फरक ठामपणे दाखवू शकत नाही. प्रत्येक उंचीला पाच वाचनं घेऊन ९.७ ते ९.८५ मध्ये उत्तर आलं तर संच नीट चाललाय. दर वेळी बरोब्बर ९.८१ आणणारी वही संशयास्पद.

मांडणीत इथे अडणाऱ्या काही गोष्टी. शहाबादी फरशीवर तिपाई डुलते. पायाखाली लाकडी पाचर घाला आणि ओळंबा सोडूनच दांडा उभा करा. दांडा ३ अंश कलला तर उंचीत फरक जेमतेम ०.१ टक्का पडतो, पण मीटरभर खाली छर्रा ५ सेंटिमीटर बाजूला जातो आणि झडप चुकते. तिरका दांडा उत्तर बिघडवत नाही, वाचनच देत नाही. ओळंबा बघताना पंखा बंद. छर्रा सोडताना चालू असला तरी बिघडत नाही. झडपेखाली घडी घातलेला टर्किश टॉवेल ठेवा, त्याची आपल्या गावात कमी नाही. नाहीतर छर्रा फरशीचा टवका काढतो किंवा उसळून झडपेला पुन्हा लागतो आणि काही टायमर दुसरा ठोकाही मोजतात.

उन्हाळ्यात कॉइलकडे लक्ष द्या. चुंबक सलग चालू ठेवला की कॉइल तापते. तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ३० अंशांनी तापली की प्रवाह दहा-अकरा टक्क्यांनी उतरतो. सकाळी जेमतेम धरेल असा लावलेला छर्रा दुपारी आपोआप गळतो आणि तासाच्या पहिल्या व शेवटच्या गटाचा उशीर वेगळा निघतो. छर्रा टांगायच्या वेळीच चुंबक चालू करा. छर्राही हळूहळू चुंबकीय होतो. टाचणी उचलायला लागला की बदला. पाऊण इंची बेअरिंगचा छर्रा १९.०५ मिलिमीटरचा असतो, मूळच्या जागी सहज चालतो. टेबल टेनिसचा चेंडू घेऊन 'वजनाने फरक पडतो' असं दाखवायचा मोह टाळा किंवा मुद्दाम दाखवा, २.७ ग्रॅमच्या चेंडूला हवा चांगलीच अडवते, १ मीटरवरच जी चार-पाच टक्के कमी दिसतं. अर्थात तो चुंबकाला चिकटत नाही, हाताने सोडावा लागतो, तेव्हा मोजणीची वेगळीच बोंब.

जास्त पैसे देऊन फोटोगेटची, म्हणजे प्रकाशकिरण अडला की वेळ टिपणाऱ्या चौकटींची, जोडी मिळते. ती घेण्यासारखी आहे, कारण वरचं गेट छर्रा सुटल्यानंतर चालू होतं आणि चुंबकाचा उशीर हिशेबातूनच जातो. फक्त वरच्या गेटपाशी वेग शून्य नसतो, हे विसरायचं नाही. वरचं गेट न हलवता खालचं सरकवत जा, अंतर ÷ वेळ हे वेळेविरुद्ध मांडा. चढ जीच्या निम्मा येतो. इथे मुलं एक हमखास चूक करतात. सरासरी वेग हा वेळेच्या मध्यावरचा वेग असतो, अंतराच्या मध्यावरचा नाही. मीटरभर पतनात निम्मा वेळ संपतो तेव्हा छर्रा फक्त २५ सेंटिमीटर खाली आलेला असतो. त्याचा वेग २.२१. अर्ध्या मीटरवर पोचेपर्यंत तो ३.१३ झालेला असतो.

एकाच गेटने व्यास ÷ वेळ करून वेग काढायचा असेल तर छर्रा किरणाच्या बरोबर मधून जायला हवा. ३ मिलिमीटर बाजूने गेला तर १९ ऐवजी १८ मिलिमीटरच किरण अडवतो, वेग पाच टक्के आणि जी अकरा टक्के फुगतं. आणि गेट खिडकीपाशी ठेवू नका. सोलापूरचं ऊन सरळ गेटवर आलं की त्यातला अवरक्त प्रकाशग्राही भरून जातो, छर्रा गेलेला त्याला कळतच नाही. टायमर बिघडला म्हणून परत पाठवण्याआधी पडदा ओढून बघा.

झडपेच्या संचावरचा सर्वात सुरेख प्रयोग म्हणजे ४.९, १९.६, ४४.० आणि ७८.२ सेंटिमीटर उंच्या लावणं. चुंबकाचा उशीर वजा केला की वेळा ०.१, ०.२, ०.३, ०.४ सेकंद याव्यात. मधली अंतरं ४.९, १४.७, २४.४, ३४.२, म्हणजे १, ३, ५, ७ या प्रमाणात. गॅलिलिओला हे मिळवायला उतरती पन्हळ आणि पाण्याचं घड्याळ लागलं होतं. ४.९ ला मात्र झडप रुसते, छर्‍याला तेवढा जोर नसतो; तिची स्प्रिंग ढिली करावी लागते.

पैसे नसतील तर मोबाइलवरचं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप. त्यातलं ध्वनी-स्टॉपवॉच दोन आवाजांमधला वेळ मोजतं : पट्टीवरून छर्रा सटकवताना होणारा टक आणि खाली ताटावर पडल्याचा खण. फोन दोन्हींच्या मधोमध ठेवा, नाहीतर मीटरभर हवेतून आवाज यायला लागणारे ३ मिलिसेकंद उगाच जमा होतात. हाताने स्टॉपवॉच दाबण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तिथे प्रतिक्रियेचाच ०.२ सेकंद जातो आणि मोजायचे असतात ०.४५.

विक्रीनंतरच्या सेवेत सुट्या कॉइलची वाट बघण्यात शाळेचं सत्र निघून जातं. कॉइल जळली तर मोटार रिवायंडिंगवाल्याकडे जुनी घेऊन जा; तारेची जाडी आणि वेढे तेवढेच ठेवायला सांगा. 'जास्त वेढे मारून पॉवरफुल करून देतो' म्हणाला तर नको म्हणा.