कंपाउंड की रिकर्व्ह: हरणाच्या मोसमासाठी पहिलं धनुष्य घेताना

मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा मोसम १ ऑक्टोबरला उघडतो. त्यामुळे ऑगस्ट लागला की इथल्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "धनुष्य घ्यायचंय, कुठलं घेऊ?" हंटर सेफ्टीचा कोर्स झालेला असतो, ऑफिसातला एखादा सहकारी रानात न्यायला तयार असतो, आणि दुकानात एक चक्कर मारून आल्यामुळे डोकं भणाणलेलं असतं. दुकानदाराने बाणाचा वेग सांगितलेला असतो. मी फक्त एवढंच विचारतो की आठवड्यातून किती दिवस बाण सोडणार आहेस, आणि खरं सांग.

(क्रॉसबोही इथे चालतो. पण त्याचा स्वभाव बंदुकीचा, म्हणून तो बाजूला ठेवतो.)

कंपाउंडची युक्ती मिसुरीतल्या हॉलेस विल्बर ॲलनची. त्याने १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला. टोकांना चाकं, म्हणजे कॅम, असल्यामुळे दोरी पूर्ण ओढली की ताण एकदम उतरतो. ओढायला ७० पौंड जोर लागणारं धनुष्य असेल आणि लेट-ऑफ, म्हणजे ताण उतरण्याचं प्रमाण, ८० टक्के असेल, तर शेवटी हातात राहतात १४ पौंड. हरीण झाडाआड थबकलं तरी थोडा वेळ तसंच ताणून थांबता येतं. रिकर्व्हमध्ये, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या बिनचाकांच्या धनुष्यात, ही सवलत नाही. ४५ पौंड ओढले की ४५ पौंडच धरायचे, तेही तीनचार सेकंद. तेवढ्यात बाण सुटला नाही तर दोरी गुमान सैल करायची.

सरावाचा फरक इथूनच पडतो. कंपाउंडवर आठवड्यातून तीन दिवस तीसेक बाण सोडले तरी नवखा माणूस दोन महिन्यांत २० यार्डांवर बऱ्यापैकी गट पाडतो, म्हणजे बाण जवळजवळ लावतो. मधे पंधरा दिवस खाडा झाला तरी फार बिघडत नाही, कारण दोरी किती ओढली जाणार हे कॅम ठरवतो. रिकर्व्हवर ते खांदे आणि पाठ ठरवतात. महिनाभर हात लागला नाही की दोरी इंचभर कमी ओढली जाते, त्यात दोनतीन पौंड जातात आणि बाण खाली पडतो. आपल्याला वाटतं, धनुष्य बिघडलं! रिकर्व्हला रोजचे वीस बाण हवेत, आणि एकविसावा नको. थकलेल्या पाठीने सोडलेले बाण चुकीची सवय पक्की करतात. रविवारी दीडशे बाण मारून आठवड्याची भरपाई करणाऱ्यांनी रिकर्व्हच्या वाटेला जाऊ नये.

आता झीज. दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही, आणि खर्च इथेच असतो.

कंपाउंडची दोरी आणि केबल वापराने ताणतात. पहिली खूण म्हणजे पीप फिरतो. दोरीत बसवलेल्या ज्या बारीक कडीतून नेम धरायचा, तीच तिरकी होते आणि पलीकडचं दिसेनासं होतं. मग दोन्ही कॅमची वेळ चुकते, एक आधी अडतो, दुसरा नंतर. सरावाची गोल टोकं तरीही नीट लागत राहतात, पण पात्याचं टोक, म्हणजे ब्रॉडहेड, लावलं की बाण भलतीकडे जातो. म्हणून ब्रॉडहेड मोसमाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा लावू नये. दोरीवर गुंडाळलेला दोरा, म्हणजे सर्व्हिंग, सुटलंय का, दोरी ओढायला तिच्यावर बांधलेला छोटा फास, म्हणजे डी-लूप, पिंजलाय का, हे दर आठवड्याला बघावं आणि दोरी कोरडी, केसाळ दिसली की मेण लावावं. दोनतीन वर्षांनी संच बदलायचा, आणि त्यासाठी बो-प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र, लागतो. तो घरी नसतो, म्हणून दुकान आलं आणि मजुरीसकट शंभर-दीडशे डॉलरची फोडणी. सप्टेंबरच्या शेवटी दुकानात रांग असते. हे काम जूनमध्ये उरकलेलं बरं.

रिकर्व्हची दोरी वीसेक डॉलरला मिळते आणि स्ट्रिंगर नावाच्या साध्या पट्ट्याने घरीच चढते. पायात अडकवून धनुष्य वाकवण्याची मर्दुमकी दाखवू नये, त्याने लिम्ब, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा, पिळतात. दोरीपासून मुठीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजत राहायचं. ते कमी झालं की धनुष्याचा आवाज वाढतो, आणि हरणाचे कान आपल्यापेक्षा तिखट. दोरीला दोनचार पीळ जास्त दिले की काम होतं. बोटांवरचा चामड्याचा टॅब मात्र झिजतो, खड्डे पडतात, आणि बाण सुटताना बोटं अडखळतात. नवा टॅब सरावायला आठवडाभर लागतो, म्हणून तो ऐन मोसमात बदलू नये.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. धनुष्य उन्हात गाडीत ठेवू नका, दोरी ताणते आणि लिम्बचे थर सुटू शकतात. कार्बनचा बाण दर वेळी थोडा वाकवून कान लावा, चर्र आवाज आला तर फेकून द्या, कारण तो फुटला तर हातात घुसतो. कंपाउंडवर नेम जमला की बाण एकमेकांवर आदळून नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाच्या खाचा, फुटतात, तेव्हा प्रत्येक बाणाला वेगळा ठिपका द्या. रिकर्व्हवाल्याचे बाण गवतात हरवतात आणि गवत कापायच्या यंत्राला सापडतात.

आणि बाण न लावता दोरी सोडायची नाही. पुण्याहून आलेल्या माझ्या मेहुण्याने "बघू तरी" म्हणत माझं कंपाउंड ओढलं आणि सोडून दिलं. दोरी कॅमवरून उतरली, एक कॅम वाकला, लिम्बला चीर गेली. रिकर्व्ह कदाचित वाचलं असतं, कंपाउंड सहसा वाचत नाही. मेहुणा वाचला, हे नशीब.

भारतात हा प्रश्न शिकारीचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिथे धनुष्य हे मैदानासाठीच. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडवरच जगज्जेते झाले. त्यामुळे गावाकडची पोरं आता कंपाउंड मागतात. दोरीची देखभाल त्यांनाही चुकत नाही. पण त्यांना थंडीत तीन तास झाडावर बसून, जाड कोटाच्या बाहीतून बाण सोडावा लागत नाही.

तुम्हाला तसा सोडावा लागणार असेल, तर धनुष्य घेण्याआधी खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला आणि धनुष्य सावकाश ओढा. हात वर आभाळाकडे झटकावा लागला तर ते जड आहे, मग ते कुठलंही असो. कंपाउंडचे पौंड दुकानात बऱ्यापैकी कमी करून मिळतात. रिकर्व्हला हलके लिम्ब वेगळे घ्यावे लागतात.

ऑगस्टमध्ये विचारणाऱ्याला मी कंपाउंड घ्यायला सांगतो. याच ऑक्टोबरात रानात जायचं असेल तर दुसरा शहाणा मार्ग नाही, आणि ३० यार्डांपर्यंतचा नेम दोन महिन्यांत जमू शकतो. जानेवारीत विचारणाऱ्याला, घरामागे पंधरा-वीस यार्ड मोकळी जागा असेल आणि संध्याकाळी घरी लवकर येत असेल तर, ३०-३५ पौंडांचं रिकर्व्ह सुचवतो. हा मोसम सोडून द्यायच्या तयारीने. पुढच्या वर्षी लिम्ब बदलून वजन वाढवता येतं.

मी स्वतः रोज संध्याकाळी रिकर्व्ह चालवतो. चांगल्या दिवशी १८ यार्डांवर सहापैकी पाच बाण ताटलीएवढ्या जागेत बसतात, वाईट दिवशी तीन. १ ऑक्टोबरला गाडीत ठेवतो ते कंपाउंडच.