पॉल सायमनची 'हार्ट्स अँड बोन्स' : सात महिने वाजवली, मे महिन्यात वाकली

चूक माझीच. अमेरिकन गायक पॉल सायमनची ही रेकॉर्ड पत्र्याच्या खोलीत कपाटावर आडवी ठेवून नाशिकला लग्नाला गेलो, चार दिवसांनी येऊन बघतो तर रेकॉर्डच्या कडेला तळलेल्या पापडासारखी लाट. भुसावळचा मे काय असतो हे मला कोणी सांगायला पाहिजे होतं असं नाही. १२०० ची जुनी एलपी, नोव्हेंबरमध्ये घेतली तेव्हा घरात ८०० सांगितलेले.

घेतली त्या दिवशीच डोकं फिरलं होतं. दहा गाणी, त्यात 'थिंक टू मच' दोनदा! एक ए, एक बी, आणि वर बी आधी, पहिल्या बाजूला चौथं, आणि ए रेकॉर्ड पलटल्यावर. अरे भो, १२० रुपयाला एक गाणं म्हणून घेतलं, नऊच धरली तर १३३ पडतं ना. दोन महिने जो येईल त्याला हाच हिशोब ऐकवला. बी संथ, बरं होतं. ए पळतं, त्यात नाइल रॉजर्सची गिटार, पण मला ती निव्वळ भरती वाटायची, उठून सुई पुढच्या गाण्यावर न्यायचो.

मूळात ही सायमन आणि त्याचा जुना गाण्यातला जोडीदार गारफंकेल दोघांची होणार होती. १९८१ च्या न्यूयॉर्कमधल्या सेंट्रल पार्कच्या दोघांच्या कार्यक्रमानंतर जमलं, गारफंकेलनं गायलंही, मग सायमननं त्याचा आवाज पुसला आणि १९८३ ला एकट्याच्या नावानं काढली. आपटली. तीन वर्षांनी त्याची पुढची रेकॉर्ड 'ग्रेसलँड' आली, लोक अजून थेट तिच्यावरच जातात. पुसलेलं कुठं राहिलंय का म्हणून मी रात्री हेडफोन लावून बसायचो, कुठंच नाही, चांगलंच पुसलंय.

'ट्रेन इन द डिस्टन्स'चं म्हणणं की लांबून येणारा गाडीचा आवाज सगळ्यांना आवडतो. सायमनदादा, जंक्शनच्या गावात गाडी लांब नसतेच. माझे वडील लोको शेडला होते, हे गाणं लावलं की ते विचारतात, मालगाडी का पॅसेंजर?

शेवटचं गाणं मात्र खरंच आतपर्यंत जातं. १९५४ च्या नाताळला स्वतःच्याच गोळीनं गेलेल्या गायक जॉनी एसवरून सुरू होऊन बीटल्सच्या जॉन लेननपर्यंत येतं, आणि मग संगीतकार फिलिप ग्लासनं रचलेला छोटा तुकडा, व्हायोलिनवगैरे, गाणं संपलं असं वाटत असतानाच. त्यानंतर मी लगेच दुसरं काही लावत नाही.

आता गंमत बघा. वाक कडेला, म्हणजे दोन्ही बाजूंचं पहिलंच गाणं गेलं. पहिल्या बाजूला 'ॲलर्जीज', तिचं काही नाही, पण दुसऱ्या बाजूला नेमकं ए! सुई नुसती उड्या मारते. आणि आता ते नाही तर चुकल्यासारखं होतंय, बीनंतर डोकं आपोआप एची वाट बघतं, तोच विचार एकदा शांतपणे आणि एकदा घाईत, असं ते आहे हे मला सात महिन्यांनी कळलं, तेही नुकसान झाल्यावर. म्हणजे दहाच गाणी होती. १२० चाच भाव.

फोटोफ्रेमच्या दोन काचांमध्ये दाबून वर ज्वारीचं पोतं ठेवलंय, तीन आठवडे झाले. परवा काढून लावली, ए चाललं, एकाच जागी उडी आहे. परत ठेवली. आई रोज विचारते, काय करून राहिला रे, ज्वारी दळायची का नाही? अजून आठ दिवस दे म्हटलं.