रायफलीच्या नळीचे फिनिश निवडताना: ब्लूइंग, पार्करायझिंग, नायट्रायडिंग, क्रोम की सेराकोट?

रायफलीचे जुने ब्लूइंग उडाले की नाशिकमधला नेमबाज बहुधा आधी रंगाची चौकशी करतो. माझ्या मते आधी विचारायला हवे ते हे की निवडलेला थर नळीच्या फक्त बाहेर बसणार आहे की आतही. बाहेरचा थर गंज अडवतो. नळीचे आयुष्य मात्र आत ठरते, कारण चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) पुढे जिथे रायफलिंग, म्हणजे नळीतील सर्पिल खाचा, सुरू होते तिथेच जळत्या पावडरच्या वायूचा ताप आणि दाब सर्वाधिक असतो आणि झीजही तिथूनच सुरू होते. विकल्पांपैकी बरेचसे या जागेला स्पर्शही करत नाहीत, हे आधीच लक्षात घेतले तर खर्च योग्य ठिकाणी होतो.

ब्लूइंगमध्ये पोलादाच्या पृष्ठभागाचेच सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या क्षारद्रावणात काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्यामुळे मापे बदलत नाहीत, आणि पॉलिश चांगले असेल तर त्याच्यासारखी खोल, निळसर काळी झळाळी दुसऱ्या कशालाच येत नाही. मात्र त्याचे संरक्षण खरे पाहता त्याने धरून ठेवलेल्या तेलाचे असते. एका श्रावणात रेंजवरून परतल्यावर माझी रायफल दमट पिशवीत रात्रभर तशीच राहिली. सकाळी पुढच्या साइटच्या मागे माझ्याच अंगठ्याचा ठसा, रेघन् रेघ मोजता येईल इतका स्पष्ट, तपकिरी रंगात उमटलेला होता. घामातले मीठ आणि पावसाळी हवा यांना एक रात्र पुरली. जुन्या दुनळी बंदुकीची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण तिच्या नळ्या मऊ डागाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेल्या असतील तर गरम क्षारांचे द्रावण तो डागच खाते. अशा बंदुकीसाठी मंद गतीने गंज चढवून, उकळून, घासून केलेले रस्ट ब्लूइंगच योग्य ठरते.

पार्करायझिंग म्हणजे फॉस्फेटचा सच्छिद्र, करडा, चमक नसलेला थर. तो ब्लूइंगपेक्षा जाड असतो आणि तेल अधिक धरतो, म्हणून ओल्या हवेत अधिक टिकतो. परंतु त्यासाठी पृष्ठभाग आधी ब्लास्टिंग करून, म्हणजे बारीक कणांचा जोरदार मारा करून, खरबरीत करावा लागतो आणि पॉलिशची शोभा कायमची जाते.

नायट्रायडिंगचा विचार नाशिककरांना समजावून सांगावा लागू नये, कारण सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत गिअर आणि क्रँकशाफ्टवर काम करणाऱ्यांना ही प्रक्रिया परिचयाची आहे. सुमारे ५५० ते ५८० अंशांच्या क्षारकुंडात नायट्रोजन आणि कार्बन पोलादाच्या पृष्ठभागात शिरतात आणि साधारण १० ते २० मायक्रॉनचा अत्यंत कठीण थर तयार होतो. हा वरून चढवलेला लेप नसल्याने तो सोलून निघत नाही, शिवाय क्षार नळीच्या आतही पोहोचत असल्यामुळे आतील पृष्ठभागही कठीण होतो. अशा नळीवर कानस फिरवली तर ती पकड न घेता घसरते. नेमक्या याच गुणामुळे क्रम महत्त्वाचा ठरतो: चेंबर रीम करणे म्हणजे कापून नेमक्या मापाला आणणे, तोंडाची कड म्हणजे क्राउन कापणे, नळीवर वजन बसवण्यासाठी काही घडवणे, हे सर्व नायट्रायडिंगच्या आधी उरकले पाहिजे. नंतर कार्बाइडच्या हत्याराने कापता येते, पण कापल्या जागी थरच उरत नाही. स्टेनलेस नळीच्या बाबतीत एक अडचण आहे. कठीणपणा वाढतो, परंतु पोलादातील क्रोमियम नायट्रोजनशी बांधले गेल्यामुळे तिची मुळातली गंजरोधकता घटते.

नळीच्या आतील हार्ड क्रोम हा सैनिकी वापरातून आलेला पर्याय आहे. व्हिएतनाममधील दमट जंगलात एम-१६ रायफलींना त्रास झाल्यावर त्यांचे चेंबर आणि पुढे संपूर्ण नळी क्रोमने मढवण्यात आली. झीज आणि गंज या दोहोंना तो उत्तम तोंड देतो. मात्र हा थर चढवलेला असल्यामुळे नळीचे माप आधीच तेवढे मोठे ठेवावे लागते आणि जाडी सर्वत्र सारखी न बसल्यास अचूकता बिघडते. तयार नळीवर नंतर करून घेण्याचे हे काम नव्हे, आणि टार्गेट नेमबाजाने त्याच्या मागे लागू नये.

रंगाची खरी हौस असेल तर सेराकोट आहे. ब्लास्टिंगनंतर फवारून, सामान्यतः १२० अंशांवर दोन तास भाजून बसणारा हा सुमारे २५ मायक्रॉनचा सिरॅमिक-पॉलिमर लेप गंजाला फार चांगला आवर घालतो आणि असंख्य छटांत मिळतो. चेंबर आणि नळी बुचाने बंद ठेवूनच तो फवारतात, त्यामुळे आतील झिजेवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. ज्या सुट्या भागांची बसणी घट्ट आहे तिथे २५ मायक्रॉनही जाणवतात, हे विसरू नये.

कायद्याची बाजू मी मुद्दाम ठळकपणे मांडतो. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्राच्या दुरुस्तीला किंवा बदलाला परवाना लागतो, म्हणून कारखान्यातील ओळखीच्या माणसाकडे नळी नेऊन टाकीत बुडवून आणणे हा मार्गच बंद आहे. काम परवानाधारक बंदूक कारागिरामार्फतच झाले पाहिजे. ब्लास्टिंग करताना ओळख क्रमांक झिजणार नाही आणि लेपाखाली बुजणार नाही, याची खात्री रायफल कामाला देताना आणि परत घेताना दोन्ही वेळा करावी, कारण तो पुसणे हा गुन्हा आहे.

पॉइंट टू टू (.२२) या लहान बोअरच्या रायफलीवर ५० मीटर खेळणाऱ्याला आतील थराची गरज जवळजवळ नसते. शिशाची गोळी आणि कमी ताप यामुळे नळी हजारो फैरी टिकते, आणि त्याची खरी लढाई जून ते सप्टेंबरच्या दमट हवेशी असते. तेल लावण्याची सवय असेल तर त्याने ब्लूइंग घ्यावे, नसेल तर सेराकोट. मोठ्या बोअरवर वेगाने फैरी झाडणाऱ्याने नवीन क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची) नळी घेतानाच नायट्रायडिंग मागून घ्यावे. मी स्वतः पुन्हा ब्लूइंगच करून घेतले, आणि आता रेंजवरून आल्यावर हात धुण्याआधी पिशवी उघडतो.