ओबीडी स्कॅनर आणि मल्टिमीटर: ऑइल टेंपरेचर सेन्सरच्या बिघाडावर आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ब्लूटूथवर चालणारा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड आणि चालू आकडे वाचणारा) आणि व्होल्टेज व रोध मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर ही दोन उपकरणे मी आठ महिन्यांपूर्वी एकाच कारणासाठी घेतली. डॅशबोर्डवरचा चेक इंजिन दिवा अधूनमधून लागत होता. वर्कशॉपमध्ये पी ०१९६ हा कोड निघाला, इंजिन ऑइलचे तापमान मोजणारा सेन्सर बदलण्यात आला आणि साधारण तीन आठवडे सगळे सुरळीत चालल्यानंतर तोच दिवा आणि तोच कोड परत आला. नवा सेन्सरही सदोष निघाला असेल, असे मला सुचवण्यात आले. ते मला पटले नाही, म्हणून आणखी एक सुटा भाग बसवण्याआधी स्वतः मोजमाप करायचे ठरवले.

या सेन्सरशी संबंधित कोड पी ०१९५ पासून पी ०१९९ पर्यंत आहेत आणि त्यांतला फरक लक्षात घेतला तर निम्मे काम तिथेच होते. पी ०१९७ म्हणजे सिग्नलचे व्होल्टेज फार कमी, पी ०१९८ म्हणजे फार जास्त, पी ०१९९ म्हणजे सिग्नल मधूनमधून तुटतो आहे. पी ०१९६ यांपेक्षा वेगळा आहे: सिग्नल येतो आहे, पण तो इंजिनच्या एकूण स्थितीशी जुळत नाही, एवढेच ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) त्यातून सांगतो. सेन्सर खराब आहे असे हा कोड कुठेही म्हणत नाही.

स्कॅनरचा खरा उपयोग मला कोड वाचण्यापेक्षा चालू आकडे पाहण्यासाठी झाला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन दिले, तेव्हा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) २४, आत येणारी हवा २५ आणि ऑइल २३ अंश दिसले. थंड इंजिनात हे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत, त्यामुळे या चाचणीत काहीच दोष दिसला नाही आणि मी काही दिवस चुकीच्या दिशेने शोधत राहिलो. ऑइल कूलंटपेक्षा सावकाश तापते, हे खरे; परंतु अर्ध्या तासाहून अधिक काळ वेगात गाडी चालवल्यावर ते कूलंटच्या बरोबरीला किंवा त्याच्याही वर जायला हवे. माझ्या गाडीत कूलंट ९० वर स्थिर होते आणि ऑइलचा आकडा ८० च्या पुढे सरकत नव्हता.

याचे कारण सेन्सरच्या स्वभावात आहे. त्याच्या आत थर्मिस्टर असतो आणि तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. माझ्या गाडीच्या सर्व्हिस तक्त्यानुसार २५ अंशांना सुमारे २५०० ओहम आणि ९५ अंशांना सुमारे २७० ओहम असायला हवेत. ईसीयू आपल्या आतल्या एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरपाशी उरलेल्या व्होल्टेजवरून तापमान ठरवतो. आता वायरिंगमध्ये कुठेतरी १३० ओहमचा जादा रोध आला असे धरू. थंड असताना २५०० चे २६३० होतात आणि आकडा जेमतेम एका अंशाने चुकतो. गरम असताना २७० चे ४०० होतात आणि ९५ च्या जागी ८० दिसतात. म्हणजे थंड इंजिनावरची चाचणी या प्रकारच्या दोषाला जवळजवळ आंधळी असते, आणि नेमकी तीच चाचणी सर्वांत आधी सुचवली जाते.

ऑइल खरोखरच कमी तापत आहे का, ही शंका दूर करण्यासाठी मी इन्फ्रारेड थर्मामीटरने ऑइल फिल्टरच्या बैठकीचे तापमान पाहिले. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे उपकरण बरेच कमी तापमान दाखवते. त्या जागी काळी चिकटपट्टी लावल्यावर ९१ अंश मिळाले. पृष्ठभाग ९१ आणि आतले ऑइल ८० हे शक्य नव्हते.

निर्णायक चाचणी त्यानंतरची. सेन्सरचा प्लग काढल्यावर स्कॅनरवर उणे ४० दिसले, जे तुटलेल्या सर्किटसाठी अपेक्षितच आहे. मग प्लगमधील दोन्ही टर्मिनल बारीक तारेने एकमेकांना जोडली. सर्किट निरोगी असते तर आकडा थेट कमाल मर्यादेला भिडला असता, पण तो १२५ च्या आसपास थांबला. सेन्सर तर या वेळी सर्किटमध्ये नव्हताच, त्यामुळे दोष वायरिंगमध्ये आहे हे सिद्ध झाले. (काही गाड्यांचे ईसीयू अशा वेळी पर्यायी आकडा दाखवू लागतात, म्हणून तार जोडताच लगेच पाहावे.) इग्निशन बंद करून प्लगच्या ग्राउंड टर्मिनलपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मल्टिमीटर लावला, तेव्हा जवळपास शून्याऐवजी १३० ओहम आले. रबरी सीलखाली, तार टर्मिनलमध्ये दाबून बसवलेली असते त्या जागी, हिरवट गंज होता. सेन्सर बदलताना प्लग हलवला गेल्यामुळे ती जोडणी तात्पुरती सुधारली असावी आणि म्हणूनच तीन आठवडे आराम मिळाला, असे मला वाटते. गंजलेला भाग कापून नवे टर्मिनल बसवले. त्याला सहा महिने झाले; लांबच्या प्रवासात ऑइल आता ९५ ते १०२ अंशांच्या दरम्यान राहते आणि कोड परत आलेला नाही.

उपकरणांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. स्कॅनर घेण्याआधी आपली गाडी ऑइलचे तापमान देते का, हे अवश्य तपासावे. अनेक गाड्यांत हा सेन्सरच नसतो आणि काहींत ईसीयू इतर मोजमापांवरून अंदाजे आकडा काढतो. अशा आकड्यावरून सेन्सरचे निदान करता येणार नाही. ओबीडी सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनला बॅटरीचा पुरवठा कायम चालू असतो, त्यामुळे स्कॅनर आठवडाभर तसाच राहिला तेव्हा माझी बॅटरी लक्षणीय उतरली. एकाच वेळी पाच-सहा आकडे मागितले तर आलेख अडखळतो, तीनच ठेवावेत. मल्टिमीटरबद्दल तक्रार नाही, मात्र त्याच्या जाड सळ्या प्लगच्या टर्मिनलमध्ये कधीही खुपसू नयेत. टर्मिनल सैल होते आणि नवाच दोष तयार होतो. मी पातळ सुईच्या सळ्या वेगळ्या घेतल्या.

काढून टाकलेला जुना सेन्सर मी जपून ठेवला होता. गेल्या महिन्यात त्याचे टोक पाण्यात बुडवून, शेजारी थर्मामीटर ठेवून, पाणी हळूहळू तापवत त्याचा रोध मोजला. २५ अंशांना २४९०, ६० अंशांना ७३०, ९५ अंशांना २७० ओहम आले. तो सेन्सर पूर्णपणे निर्दोष होता.