मुलगी एकविसाची झाली: कॅनडा की ऑस्ट्रेलिया?

"ती अजून शिकतेय, सगळा खर्च आम्हीच करतो, म्हणजे डिपेंडंटच की!" पीआरचा, म्हणजे परदेशात कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज भरायला बसलेले आईवडील हे हमखास म्हणतात. पण कॅनडा बाविशीच्या आत हा खर्च विचारतच नाही आणि ऑस्ट्रेलिया त्याचे पुरावे मागतं.

कॅनडात आईवडिलांच्या अर्जात डिपेंडंट (अवलंबून असलेलं) म्हणून धरायला मूल २२ वर्षांच्या आतलं हवं आणि त्याला नवरा, बायको किंवा लिव्ह-इन जोडीदार नसावा. बस्स. कॅम्पसमधून नोकरी लागली, पगार सुरू झाला, तरी चालतं. २०१४ ते २०१७ मध्ये ही मर्यादा १९च्या आत होती; २४ ऑक्टोबर २०१७पासून ती पुन्हा २२ झाली. पूर्णवेळ शिकणाऱ्या मोठ्या मुलांची जुनी सवलत मात्र परत आली नाही, त्यामुळे २०१०च्या सुमारास गेलेल्या काकांचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

खरी मेख तारखेत आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (कुशल कामगारांना गुणांवर निवडणाऱ्या ऑनलाइन पद्धतीत) प्रोफाइल बनवून मुलाचं वय गोठत नाही, अर्ज करण्याचं इन्व्हिटेशन आल्यावरही नाही. पूर्ण अर्ज पोचतो त्या दिवशीचं वय धरतात. इन्व्हिटेशननंतर ६० दिवस मिळतात, पण वाढदिवस त्यातच येत असेल तर पोलीस क्लिअरन्स वगैरे कागद आधीच जमवून ठेवा. कॅनडातल्या एखाद्या प्रांताच्या नॉमिनेशनमार्गे (शिफारशीने) जाणाऱ्यांच्या मुलाचं वय प्रांताकडे अर्ज केला त्या दिवशीचं धरतात. वाढदिवस जवळ असेल तर हा फरक मोलाचा.

ऑस्ट्रेलिया वर्षभर जास्त देतं: २३ पूर्ण होईपर्यंत. पण १८च्या पुढच्या मुलासाठी ४७ए हा वेगळा फॉर्म, आणि अन्न, वस्त्र, निवारा आईवडिलांच्याच पैशातून चालतो याचे पुरावे: फी, हॉस्टेलचं भाडं, बँकेतून पाठवलेले पैसे. अर्ज प्रलंबित असताना मुलगी पूर्णवेळ नोकरीला लागली तर केस कमकुवत होते. आणि आपल्याकडे हमखास नजरेआड होणारी गोष्ट: ऑस्ट्रेलियाच्या व्याख्येत लग्न ठरलेलं मूलही बसत नाही. साखरपुडा उरकून घेण्याची घाई इथे महागात पडेल. कॅनडाला साखरपुड्याचं काही नाही. पण लग्न मात्र पीआर हातात पडेपर्यंत थांबवायचं.

अमेरिकेत २१ला एच-४, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या मुलाचा व्हिसा, संपतो. २००२चा बाल-दर्जा संरक्षण कायदा वयातून थोडे महिने वजा करू देतो, पण नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांच्या लांब रांगेपुढे ते सहसा पुरत नाहीत.

माझं मत: एकवीस, नोकरी हातात, बाविसावा वाढदिवस अजून काही महिने लांब असेल तर कॅनडा. बावीस, शिक्षण चालू, खर्च तुमच्याकडे असेल तर ऑस्ट्रेलिया. तेवीस पूर्ण झाली असतील तर, स्वतः कमावणं शक्य न होणारं गंभीर आजारपण किंवा अपंगत्व सोडल्यास, दोन्ही दारं बंद; मग न्यूझीलंड बघा, तिथे निवासाच्या अर्जात अविवाहित, मूलबाळ नसलेलं, आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेलं मूल २४ वर्षांपर्यंत धरतात.

आणि कॅनडाच्या अर्जात, मुलगी सोबत येणार नसली तरी तिचं नाव लिहाच. लपवलेल्या मुलाला पुढे स्पॉन्सर करता येत नाही.