पनीरची एक्सपायरी डेट कशी ठरवायची, कॉम्बेस की लॅब?

मैत्रिणीने पनीरचा छोटा धंदा सुरू केलाय आणि पाकिटावर किती दिवस टाकायचे इथे अडलीय. लॅबमधून शेल्फ लाइफ टेस्ट करू की कॉम्बेसवर (पदार्थात जंतू किती वाढतील याचा अंदाज देणारं ऑनलाइन साधन) मॉडेल चालवू, असं विचारत होती.

खर्चात कॉम्बेस पुढे, फुकट आहे. तापमान, पीएच आणि मीठ टाकलं की लिस्टेरिया (आजारी पाडणारा एक जंतू) किती वेगाने वाढेल त्याचा आलेख लगेच समोर. लॅबला प्रत्येक सॅम्पलचे पैसे, वर 10 दिवसांचा दावा तपासायचा तर किमान 10 दिवस थांबायचंच.

भरवशाचं मात्र नीट बघा. कॉम्बेसची मॉडेलं लॅबच्या द्रव माध्यमात जंतू कसे वाढतात त्यावर बेतलेली, म्हणून खऱ्या पदार्थापेक्षा वाढ बहुतेकदा जास्तच दाखवतात, सुरक्षेच्या दृष्टीने ते बरंच. पण पनीर आंबूस लागतंय की बुरशी धरतेय हे त्यात कळत नाही, ते तुमचंच पनीर तपासणाऱ्या लॅबमध्येच कळतं.

आम्ही 4 ऐवजी 10 अंश टाकून बघितलं, कारण काही दुकानदार रात्री फ्रीज बंद करतात ना, तर रेष अशी उभी चढली की मैत्रिणीच्या पोटात गोळाच आला. लॅबमध्ये हेच करायचं तर नवीन सॅम्पल, नवीन बिल.

रेसिपी अजून बदलतेय, मीठ-पीएच ठरायचंय, तर मॉडेल. रेसिपी पक्की झाली आणि तारीख छापायचीय, तर लॅबच, तिथे पैसे वाचवू नका. तिला आधी मॉडेलवर बसवलंय, पुढच्या महिन्यात सॅम्पल देणार.