मेमरी क्लिनिकमधली घड्याळ काढायची टेस्ट, आमचा अनुभव

सासूबाई रिटायर्ड शिक्षिका, हल्ली तेच तेच परत विचारायच्या आणि दूधवाल्याच्या हिशेबात गोंधळ व्हायला लागला म्हणून पुण्यातल्या एका मेमरी क्लिनिकमध्ये नेलं.

तिथल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी कोरा कागद नि पेन्सिल पुढे केली, म्हणाल्या "आई, घड्याळ काढा, सगळे आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." आईंनी गोल झकास काढला, आकडेही घातले, पण एक काटा ११ वर आणि दुसरा थेट १० वर. मॅडम मध्ये काहीच बोलल्या नाहीत, फक्त त्या काढतात कशा, कुठे थांबतात, काय खोडतात ते बघत होत्या. नंतर मला समजावलं की ही वेळ मुद्दाम देतात, "दहा" ऐकलं की हात १० कडे ओढला जातो, तो आवरून काटा २ वर न्यायला मेंदूचा पुढचा भाग नीट चालावा लागतो. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झालेल्या काही पेशंटचे तर सगळे आकडे उजव्याच अर्ध्यात येतात, डावी बाजू कोरीच!

ही मोका (MoCA) नावाच्या, स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या ३० मार्कांच्या टेस्टमधली एक पायरी, घड्याळाला ३ मार्क: गोल, आकडे, काटे. २६ च्या खाली गेलं की पुढची तपासणी. सगळं मराठीतून झालं त्यामुळे आई घाबरल्या नाहीत.

सगळ्यात आवडलं ते हे की चित्रावरून लगेच डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) शिक्का मारला नाही. डिप्रेशन, थायरॉइड, बी१२ कमी असणं, यानेही असं होतं म्हणून आधी रक्त तपासलं, बी१२ खरंच खूप कमी निघालं, आता इंजेक्शनं चालू आहेत आणि काही महिन्यांनी परत टेस्ट.

एक गोष्ट मात्र फार खटकली. शेजारच्या टेबलावर एक आजोबा होते, शाळेत कधीच न गेलेले, त्यांनाही तोच कागद दिला आणि ते बिचारे ओशाळून पेन्सिल नुसती धरून बसले. ज्यांनी आयुष्यात पेन्सिल धरली नाही त्यांचं चित्र बिघडलं तर त्यात आजार किती नि सवय नसणं किती? अशांसाठी वेगळ्या टेस्ट असतात, त्या वापरायलाच हव्यात. घरचं कोणी शिकलेलं नसेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

रिपोर्टमध्ये नुसते मार्क देतात, चित्राची झेरॉक्स मागून घ्या, पुढच्या वेळी तुलना करता येते. चष्मा आणि कानाचं मशीन न विसरता न्या आणि प्लीज घरी घड्याळाची प्रॅक्टिस करून घेऊ नका, टेस्टला काही अर्थ राहत नाही.